हीट रिकव्हरी बसवली, पण ती चालते का?

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात बॉयलरवरचा ऑपरेटर मला म्हणाला, "नवा डबा बसवला म्हणून वरची मंडळी खूश आहेत साहेब. पण कोळसा तर तेवढाच लागून राहिला."

डबा म्हणजे चिमणीच्या वाटेत बसवलेला इकॉनॉमायझर. धुरातली उष्णता काढून ती बॉयलरच्या पाण्याला देणारं हे यंत्र. तो बसून सात महिने झाले होते. नारळ फुटला होता, बिलं चुकती झाली होती, हँडओव्हरच्या कागदांवर सगळ्यांच्या सह्या होत्या आणि पॅनेलवर हिरवा दिवा जळत होता. तरीही ऑपरेटरचं म्हणणं खरं होतं. कोळसा तेवढाच लागत होता.

विजेचे आणि इंधनाचे दर वाढले की बुटीबोरी, हिंगणा, कळमेश्वर भागातल्या कारखान्यांत वाया जाणारी उष्णता परत वापरण्याची चर्चा सुरू होते. यंत्रांची कोटेशनं येतात, किमतीवर घासाघीस होते. कोटेशनच्या शेवटच्या पानावर एक ओळ असते: 'इन्स्टॉलेशन अँड कमिशनिंग: इन्क्लुडेड'. ही ओळ वाचून सगळे पुढे जातात. माझ्या अनुभवात पैसे बुडतात ते याच ओळीत, म्हणून तिचा अर्थ नीट उलगडून सांगतो.

वैल आणि बंब

ज्यांनी मातीची चूल पाहिली आहे त्यांना वैल ठाऊक असेल. चुलीच्या तोंडावर भाकरी होते आणि बाजूच्या वैलावर वरणाचं भांडं कढत राहतं. वैलाखाली वेगळा जाळ नसतो. चुलीतून निसटून जाणारी आच आतल्या वाटेने तिथे पोचते आणि जाता जाता एक काम करून जाते. तांब्याचा बंबही तसाच: मधोमध धुराची नळी, भोवती पाणी. धूर वर जाताना नळी तापते, नळीमुळे पाणी तापतं. हीट रिकव्हरी हे या गोष्टीचं आजचं नाव आहे.

कारखान्यात अशी निसटणारी आच बऱ्याच ठिकाणी असते. बॉयलरचा धूर 200 ते 250 अंशांवर चिमणीतून जात असतो. एअर कॉम्प्रेसर जेवढी वीज खातो तिचा फार मोठा भाग उष्णता होऊन बाहेर पडतो. डाइंगचं, म्हणजे कापड रंगवण्याचं, गरम पाणी गटारात जातं. दुधाच्या प्लांटमध्ये मात्र ही गोष्ट फार जुनी आहे. पाश्चरायझरमधून 72 अंशांवर तापून निघालेलं दूध प्लेटच्या एका बाजूने जातं, दुसऱ्या बाजूने 4 अंशांचं थंड दूध येतं, आणि दोघांची आपसात देवाणघेवाण होऊन लागणाऱ्या उष्णतेपैकी 85 ते 90 टक्के तिथल्या तिथे भागते.

किती पैशाची गोष्ट आहे? ऊर्जा लेखापरीक्षक दोन ढोबळ नियम वापरतात. धुराचं तापमान साधारण 22 अंशांनी उतरवलं की बॉयलरचं इंधन सुमारे 1 टक्का वाचतं. किंवा पाण्याकडून बघायचं तर बॉयलरमध्ये जाणारं पाणी 6 अंशांनी जास्त गरम असलं की तेवढंच, 1 टक्का. म्हणजे धूर 220 वरून 160 वर आणला तर पावणेतीन टक्के इंधन. दिवसाला 10 टन कोळसा जाळणाऱ्या कारखान्यात हे रोजचे 270 किलो झाले. वर्षाचे 300 दिवस धरले तर 81 टन.

कॉम्प्रेसरचा हिशेब असा. 75 किलोवॅटचा कॉम्प्रेसर पूर्ण लोडवर चालत असेल आणि त्यातली 70 टक्के उष्णता पाण्यात घेता आली, तर तासाला सुमारे 1,290 लिटर पाणी 30 वरून 65 अंशांवर जातं. 'पूर्ण लोडवर' हे शब्द महत्त्वाचे. कॉम्प्रेसर अर्धा वेळ रिकामाच फिरत असेल तर गरम पाणीही जवळपास निम्मंच मिळणार, आणि बऱ्याच कारखान्यांत तो असाच फिरतो.

एक गोष्ट आपल्या भागापुरती. परदेशी ब्रोशरमध्ये ही उष्णता इमारत उबदार ठेवायला वापरलेली दाखवतात. नागपुरात इमारत उबदार ठेवण्याची गरज कोणाला? इथे त्या उष्णतेला दुसरं गिऱ्हाईक शोधावं लागतं: बॉयलरचं पाणी, धुण्याचं पाणी, डाइंग, वाळवण. गिऱ्हाईक ठरलेलं नसेल तर यंत्र घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

कूलर काढणं आणि कमिशनिंग

आता मुख्य शब्दाकडे. कमिशनिंग म्हणजे बसवलेली व्यवस्था ठरल्याप्रमाणे काम करते का, हे मोजून, वेगवेगळ्या परिस्थितीत चालवून, लिहून सिद्ध करणं. बटण दाबल्यावर यंत्र फिरणं हा त्याचा अगदी छोटा भाग आहे.

नागपूरकराला हे समजावायला कूलर पुरे. होळी झाली की आपण कूलर काढतो. टाकीतला गाळ काढतो, ताट्या बदलतो, पंप पाण्यात सोडून धार येते का बघतो. पण जाणता माणूस तिथे थांबत नाही. ताटीच्या चारही कोपऱ्यांत पाणी सारखं झिरपतं का, हे तो हात लावून पाहतो. कोरडा पट्टा राहिला तर तिथून गरम हवा सरळ आत येते. मग तो समोरची खिडकी किती उघडी ठेवायची ते ठरवतो, कारण हवा बाहेर गेली नाही तर खोली नुसती दमट होते. कूलर तोच, पंखा तोच. पण खिडकी बंद राहिली तर रात्रभर घाम.

खिडकी कूलरचा भाग नाही. दुकानदाराच्या बिलात ती नसते. पण तिच्याशिवाय कूलर काम करत नाही. कारखान्यातल्या हीट रिकव्हरीला अशा दहा-बारा 'खिडक्या' असतात. त्या कोणी उघडायच्या आणि उघडल्या की नाही हे कोणी तपासायचं, याची लेखी यादी म्हणजे कमिशनिंगचा स्कोप.

बंद पडली तरी कळत नाही

बॉयलर बंद पडला की अर्ध्या तासात आरडाओरड होते. लिफ्ट बंद पडली की लोक जिन्यात भेटतात. हीट रिकव्हरीचं तसं नाही. ती बंद पडली तर उत्पादन एका मिनिटासाठीही थांबत नाही. पाणी कमी गरम येतंय? बॉयलर थोडा जास्त कोळसा खातो आणि भरपाई करतो. कॉम्प्रेसरचं गरम पाणी आलं नाही? टाकीतला विजेचा हीटर मुकाट्याने चालू होतो. ना घंटा वाजते, ना कोणी फोन करतो.

ज्या यंत्राच्या मागे दुसरं यंत्र उभं आहे, त्याचा बिघाड कायम झाकला जातो. म्हणून इतर यंत्रांना 'चालवून पाहू, बिघडलं तर कळेलच' हे धोरण लागू पडतं, पण इथे पडत नाही. इथे मोजल्याशिवाय कळतच नाही.

याचं एक उदाहरण मी अनेकांना सांगतो. ब्लोअरच्या थ्री-फेज मोटरच्या दोन वायरी उलट लागल्या की पंखा उलटा फिरतो. सामान्य समज असा की मग हवा उलट दिशेने येईल आणि लगेच लक्षात येईल. पण ब्लोअरचा, म्हणजे सेंट्रिफ्युगल पंखा उलटा फिरला तरी हवा त्याच दिशेने ढकलतो, फक्त बरीच कमी. हात लावला तर वारा येतोय. अँपिअर दिसताहेत. सगळं चालू. सेंट्रिफ्युगल पंपाचंही तेच. मोटरच्या शाफ्टकडे वाकून, फिरण्याची दिशा बाणाशी ताडून पाहिल्याशिवाय ही चूक सापडत नाही, आणि ती पाहायला एक मिनिट लागतं.

हिंगण्याच्या त्या डब्यात काय झालं होतं

इकॉनॉमायझरला एक बायपास असतो, म्हणजे धुराला डब्याला वळसा घालून सरळ चिमणीकडे जाण्याची वाट. ती का ठेवतात हे आधी समजून घेऊ. कोळशात, फर्नेस ऑइलमध्ये गंधक असतं. धूर फार थंड झाला की त्यातलं गंधकाचं आम्ल नळ्यांवर दवासारखं जमतं आणि पोलाद खाऊन टाकतं. आषाढात थंड पाण्याच्या पेल्याला बाहेरून घाम फुटतो, तसंच. फक्त हा घाम सल्फ्युरिक ॲसिडचा. म्हणून धूर ठरावीक तापमानाखाली गेला की बायपासची झडप आपोआप उघडते. त्या कारखान्यात हा आकडा 145 अंश ठेवला होता.

मी पॅनेलवर पाहिलं तर धुराचं तापमान 138 दाखवत होतं आणि झडप पूर्ण उघडी. कागदावर सगळं बरोबर: तापमान कमी, म्हणून झडप उघडी. पण दिवसभर, प्रत्येक लोडवर 138च्या आसपासच? माझ्याकडचा हातातला प्रोब डक्टच्या, म्हणजे धुराच्या वाहिनीच्या, दुसऱ्या छिद्रातून मध्यापर्यंत घातला. 206.

मग डक्टवर चढून सेन्सर पाहिला. साठ सेंटिमीटर रुंद डक्ट, आणि सेन्सर जिच्यात बसतो ती नळी आत जेमतेम दहा सेंटिमीटर. म्हणजे तो धुराच्या मुख्य प्रवाहात पोचतच नव्हता. वर त्याच्या अगदी शेजारी सफाईचं दार होतं, आणि दाराला गॅस्केट, म्हणजे फट बुजवणारी पट्टी, लावायचंच राहिलं होतं. पुढे पंखा ओढत असल्यामुळे डक्टमध्ये हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो. त्यामुळे त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जात होती आणि नेमकी सेन्सरवर पडत होती. फटीजवळ अगरबत्ती धरली तर धुराची रेघ सरळ आत वळायची. सेन्सर बिचारा खरंच सांगत होता. तो ज्या हवेत उभा होता ती थंडच होती. झडप उघडी, धूर वळसा घालून चिमणीत, आणि डबा सात महिने जवळजवळ रिकामा.

यात चूक कोणाची? सेन्सर इकॉनॉमायझर देणाऱ्याने दिला होता, आणि तो उत्तम होता. डक्टला छिद्र फॅब्रिकेटरने पाडलं. ड्रॉइंगमध्ये खोली लिहिलेली नव्हती. दार आणि लॅगिंग, म्हणजे उष्णता अडवणारं बाहेरचं आवरण, तिसऱ्याकडे. पॅनेलमधला प्रोग्रॅम चौथ्याने लिहिला, 145चा नियमही बरोबर. चौघांची कामं कागदावर पूर्ण होती. 'सेन्सरवरचा आकडा दुसऱ्या मीटरशी ताडून पाहणे' हे काम मात्र कोणाच्याच यादीत नव्हतं.

स्कोप लिहायचा तो याचसाठी. प्रत्येक ठेकेदाराचं काम एका फ्लँजपाशी, म्हणजे पाइपच्या जोडापाशी, संपतं आणि दुसऱ्याचं तिथून सुरू होतं. गळती होते ती बहुतेक वेळा याच सांध्यांवर. चांगल्या स्कोपमध्ये यंत्रांची नावं कमी आणि सांध्यांची जास्त असतात: इथलं तापमान कोण मोजणार, झडप हाताने उघडून-मिटून कोण पाहणार, पाइप आतून धुऊन स्ट्रेनरची जाळी कोण साफ करणार, गरम-थंड पाइप उलटे जोडलेले नाहीत हे कोण बघणार. प्रत्येक कामापुढे एकच नाव. 'संयुक्त जबाबदारी' लिहिलं की ते काम होत नाही.

पाइपांबद्दल दोन शब्द. उष्णता देणारा आणि घेणारा प्रवाह समोरासमोरून वाहावा लागतो. 90 अंशांचं पाणी आणि 30 अंशांचं पाणी एकाच दिशेने शेजारी वाहिलं, तर दोघं मध्ये कुठेतरी एकमेकांच्या तापमानाजवळ येऊन थांबतात. समोरासमोर वाहिलं, तर थंड पाणी बाहेर पडताना सर्वांत गरम पाण्याला भेटतं आणि बरंच वर चढतं. पाइपची दोन टोकं अदलाबदल झाली की यंत्र चालतं, पण पूर्ण ताकदीने नाही.

56 अंशांचं नागपूर आठवतं?

30 मे 2024 रोजी नागपुरात एका स्वयंचलित हवामान केंद्राने 56 अंश तापमान नोंदवलं. मोबाइलवर तो आकडा सगळीकडे फिरला. नंतर हवामान खात्याने सांगितलं की तो सेन्सरचा दोष होता. शहराच्या नोंदीतला मोठा आकडा 23 मे 2013चा, 47.9 अंशांचा.

56 चुकीचं आहे हे कसं कळलं? कारण आसपास दुसरी केंद्रंही होती आणि त्यांतली काही 44 च्या आसपास दाखवत होती. एकच केंद्र असतं तर? कारखान्यात बहुतेक वेळा एकच असतं.

म्हणून कमिशनिंगमध्ये प्रत्येक महत्त्वाचं मीटर दुसऱ्या, तपासलेल्या मीटरशी ताडायचं. पाण्याचं फ्लो मीटर बेंडला चिकटून बसवलेलं असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही. साधारण नियम असा की मीटरच्या आधी पाइपच्या व्यासाच्या दहापट आणि नंतर पाचपट सरळ पाइप हवा. पाणी वळणावर घुसळतं आणि घुसळलेलं पाणी मीटरला नीट मोजता येत नाही.

याहून भारी तपासणी म्हणजे जमाखर्च. धुराने किती उष्णता दिली आणि पाण्याने किती घेतली, हे दोन वेगळ्या मीटरांवरून काढायचं. किराणा दुकानातल्या वहीसारखं. गल्ल्यातली रक्कम आणि विकलेला माल जुळला पाहिजे. थोडा फरक समजू शकतो. थोडी उष्णता लॅगिंगमधून जातेच. पण धूर शंभर देतोय आणि पाणी सत्तर घेतंय असं दिसलं तर एकतर मीटर खोटं बोलतंय किंवा उष्णता तिसरीकडेच चालली आहे. पाणी शंभरावर घेताना दिसलं, तर मीटर नक्की खोटं. मी कोणत्याही प्लांटवर गेलो की आधी ही वही मागतो.

"बिल बघून कळेलच ना?"

हा आक्षेप सर्वांत जास्त येतो. उत्तर असं: पावणेतीन टक्के बचत बिलात दिसत नाही. पावसाळ्यात कोळसा भिजून येतो, त्याच्या ओलाव्यामुळेच याहून मोठा फरक पडतो. पऱ्हाटीच्या किंवा सोयाबीनच्या कुटाराच्या ब्रिकेट जाळत असाल तर एका गाडीची दुसरीशी तुलना होत नाही. या महिन्यात ऑर्डर जास्त, पुढच्या महिन्यात मेंटेनन्सला चार दिवस बंद. या सगळ्या चढउतारात ती बचत बुडून जाते. बिल कमी आलं म्हणजे यंत्र चाललं असं नाही आणि जास्त आलं म्हणजे बंद पडलं असंही नाही.

यावर उपाय एकच: यंत्र बसवण्याच्या आधीचे आकडे हातात असणं. निदान दोन-तीन आठवडे धुराचं तापमान, धुरातला ऑक्सिजन, पाण्याचं तापमान, वाफ किती टन आणि इंधन किती, हे रोज लिहून ठेवलेलं हवं. ऑक्सिजन कशासाठी? फटीतून बाहेरची हवा मिसळली की धुराचं तापमान आपोआप कमी दिसतं आणि बचत झाल्याचा भास होतो. ऑक्सिजन वाढलेला दिसला की हा भास उघडा पडतो.

आधीचे आकडे यंत्र बसल्यावर मिळवता येत नाहीत. म्हणून कमिशनिंगचा पहिला दिवस यंत्राची ऑर्डर देण्याच्या आधी येतो. बहुतेक जण तो हँडओव्हरच्या आदल्या आठवड्यात येतो असं समजतात, आणि तोवर उशीर झालेला असतो.

डिसेंबरात पास, मे महिन्यात नापास

औषधांचे, इलेक्ट्रॉनिक्सचे जे कारखाने एसीत चालतात, तिथे बाहेरून ताजी हवा घ्यावी लागते आणि आतली गार हवा बाहेर सोडावी लागते. त्या दोन वाटांवर एक मोठं फिरतं चाक बसवतात. नागपुरात हे चाक बहुतेक काळ उलटं काम करतं: जाणाऱ्या हवेतला गारवा येणाऱ्या हवेला देतं. बाहेर 44, आतून जाणारी हवा 26. फरक 18 अंशांचा. चाकाने त्यातला 70 टक्के मिळवला तर येणारी हवा 31-32 वर येते आणि एसीला तेवढं कमी ओढावं लागतं.

आता हेच चाक डिसेंबरात बसलं. दुपारी बाहेर 28, आत 26. दोन अंशांच्या फरकात काय मोजणार? चाक फिरतंय, सही करा. मग नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे दिवस, लागतो आणि कळतं की चाकाच्या कडेची सीलं सैल आहेत, पट्टा घसरतोय.

त्याहून नाजूक बाब हिवाळ्याच्या रात्रीची. बाहेर 12 अंश, आत यंत्रांमुळे गरमच. अशा वेळी बाहेरची थंड हवा सरळ आत घेतली तर एसी जवळजवळ फुकटात चालतो, म्हणून चाक थांबायला हवं. थांबलं नाही तर ते येणारी थंड हवा तापवून देतं आणि एसी ती पुन्हा गार करतो. एकाच छताखाली दोन यंत्रं एकमेकांविरुद्ध राबतात आणि दोघांचं बिल आपण भरतो. श्रावणात तिसरीच तऱ्हा: तापमानात फार फरक नसतो, पण बाहेरची हवा ओलीचिंब. ओलावा अडवणारं चाक आणि फक्त तापमान सांभाळणारं चाक यांच्यातला फरक तेव्हाच कळतो.

तेव्हा स्कोपमध्ये लिहून घ्या: मे, ऑगस्ट आणि डिसेंबर-जानेवारी, तिन्ही वेळा चाचणी. त्यासाठी ठेक्याच्या रकमेतला थोडा भाग वर्षभर राखून ठेवा. सगळे पैसे दिल्यावर मे महिन्यात कोणी फिरकत नाही, हा अनुभव माझ्या एकट्याचा नाही.

लोडचंही तसंच. पूर्ण लोडवर उत्तम चालणारा इकॉनॉमायझर रात्रपाळीला, बॉयलर तिसऱ्या हिश्शावर असताना दगा देऊ शकतो. काही बॉयलरचा पाण्याचा पंप चालू-बंद होत राहतो. पंप बंद असताना डब्यातलं पाणी जागच्या जागी उभं, बाहेरून मात्र धूर चालूच. पाणी आतच उकळतं, वाफेचे गोळे होतात आणि पाइपात हातोडा मारल्यासारखे आवाज येतात. हा आवाज दुपारच्या ट्रायलमध्ये कधीच ऐकू येत नाही.

"वेंडर करून देतोच की"

देतो, पण त्याच्या यंत्रापुरतं. त्याचं यंत्र फिरलं की त्याचं काम झालं, आणि त्याच्या बाजूने ते रास्तही आहे. त्याच्याकडून संपूर्ण व्यवस्थेची हमी हवी असेल तर तसं लिहून, त्याचे पैसे देऊन मागावी लागते. शिवाय स्वतःचा पेपर स्वतःच तपासायला कोणाला देऊ नये. मोठं काम असेल तर तपासणारा माणूस वेगळा ठेवा. छोटं असेल तर निदान कारखान्याचाच एक अभियंता नेमून द्या आणि त्याला त्या आठवड्यात दुसरं काम देऊ नका.

"बॉयलर इन्स्पेक्टरने पास केलंय ना?" हाही प्रश्न येतो. बॉयलरला जोडलेला इकॉनॉमायझर बॉयलर कायद्याखाली येतो. 1923 चा कायदा जाऊन 2025 चा आला, तरी तपासणी सुटलेली नाही, आणि ती सुटूही नये. पण ती तपासणी डबा दाबाखाली फुटणार नाही ना, हे बघते. तो कोळसा वाचवतो की नाही, हे बघणं तिचं काम नाही. गाडीचं फिटनेस सर्टिफिकेट म्हणजे ॲव्हरेजची हमी नसते.

सुरक्षिततेच्या मात्र काही चाचण्या बचतीपेक्षा आधी येतात आणि त्यांत तडजोड करू नका. पाण्याचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद आणि धूर चालू अशी वेळ आली तर आतलं पाणी कुठे जाणार? त्यासाठी सेफ्टी व्हॉल्व्ह आहे का, तो ठरल्या दाबाला उघडतो का? अचानक वीज गेली तर बायपासची झडप कोणत्या स्थितीत जाऊन थांबते? कॉम्प्रेसरच्या तेलावर तापवलेलं पाणी भांडी धुवायला जात असेल तर मधल्या प्लेटला भोक पडल्यावर तेल पाण्यात येणार नाही, अशी दुहेरी भिंत आहे का? दुधाच्या प्लांटमध्ये तापवलेल्या दुधाच्या बाजूचा दाब कच्च्या दुधापेक्षा कायम जास्त हवा. म्हणजे गळती झालीच तर चांगलं दूध कच्च्यात जाईल, कच्चं चांगल्यात येणार नाही. या गोष्टी ड्रॉइंगमध्ये असतात. प्रत्यक्षात आहेत का, हे करून पाहावं लागतं.

"वेगळा खर्च कशाला?"

कमिशनिंग नीट करायला माणसं, मीटरं आणि दिवस लागतात, म्हणजे पैसे लागतातच. पण इकॉनॉमायझरची किंमत तुम्ही आधीच मोजली आहे. हिंगण्याच्या कारखान्याने त्या डब्याचे पैसे भरले आणि सात महिने कोळसाही पूर्ण जाळला. शेवटी दुरुस्ती काय होती? एक लांब नळी, दाराचं गॅस्केट आणि अर्धा दिवस.

तिथल्या ऑपरेटरला मी एक विनंती केली होती. पॅनेलच्या दारावर आतून खडूने चार आकडे रोज लिहायचे: डब्याआधीचा धूर, डब्यानंतरचा धूर, येणारं पाणी, जाणारं पाणी. पहिल्या दिवशी डब्यानंतरचा धूर 164 होता. अलीकडे गेलो तेव्हा दार उघडून त्याने मला ओळीने आकडे दाखवले. 166, 167, 171, 176. "नळ्यांवर काजळी धरून राहिली साहेब," तो म्हणाला, "रविवारी बंद आहे, साफ करायला सांगितलं मी." सोमवारच्या ओळीत 165 होतं.